गळ्याशी नाडी नसलेली कुंची

आमच्या जव्हारात शूर माणसांची टंचाई कधीच नव्हती. धबधब्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढणारे आहेत, धुक्यात दिवा न लावता घाट उतरणारे आहेत, साप धरून तो सोडण्याआधी बायकोला दाखवायला घरी नेणारेही आहेत. अशा गावात सगळ्यांच्या वाटणीचं घाबरणारं एक तरी माणूस लागतं. ते काम पमावहिनी करायच्या. आणि काय निष्ठेनं करायच्या! मागच्या वर्षी त्या गेल्या त्या झोपेत. जगातली एवढी एकच गोष्ट असेल, जिची भीती बाळगायची त्यांच्याकडून राहून गेली होती.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं घर समोरासमोर. मधे एक जीप अंग चोरून जाईल एवढा रस्ता. म्हणजे मला पहिल्या रांगेतली खुर्ची, तीही फुकट.

त्यांची पहिली आठवण सांगतो. बाजारात कोथिंबीर घेतली आणि पैसे द्यायला पिशवीत हात घातला, तर हातात आला गॅसचा रेग्युलेटर. भाजीवालीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यात दोनच जुड्या येतील." बाजार हसला. पमावहिनी मात्र गंभीरपणे मला म्हणाल्या, "भावजी, हसता काय? मी घरी नसताना तो तिथं एकटा काय करेल, सांगता येतं?" घराबाहेर पडताना सिलिंडरवरून रेग्युलेटर काढायचा आणि सोबत न्यायचा, हा त्यांचा नेम. लग्नाला न्यायच्या, सत्यनारायणाला न्यायच्या. एकदा मयतीलाही नेला होता.

पंख्याखाली त्या कधी झोपल्या नाहीत. खाट तिरकी ठेवायच्या, म्हणजे पंखा पडलाच तर जमिनीवर पडावा. एस.टी.त त्यांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. त्याला डुलकी लागू नये म्हणून वाटभर त्याच्या घरच्यांची चौकशी. नाशिकच्या रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांच्या मुलांची नावं, इयत्ता आणि दुखणी त्यांना पाठ होती. मोखाड्याच्या पुढे वळणं सुरू झाली की प्रश्नही नाजूक व्हायचे. "सासूशी पटतं का हो तिचं?" असं विचारलं की ड्रायव्हर जो जागा व्हायचा तो त्र्यंबकपर्यंत जागाच.

आणि या सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य: "घाबरलेलं माणूस वाचतं, भावजी."

यावर मी फार हसत नसे, कारण न घाबरणारं माणूस मी पाहिलं होतं. त्यांचा नवरा अनंता माझा मित्र. त्याची भाताची गिरणी होती. गिरणीचा पट्टा चालू असतानाच त्यावर तळहात टेकवून तो ताण बघायचा आणि आम्हा मित्रांकडे बघून डोळा मारायचा. एका थंडीत सकाळी तो गळ्यात मफलर घालून पट्ट्यावर वाकला. पुढचं मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलं तेही सांगत नाहीत.

त्यांची मुलगी गार्गी तेव्हा कुंचीतली. दिवसकार्य आटोपल्यावर पमावहिनींनी पहिली गोष्ट काय केली, तर पोरीच्या कुंचीची गळ्याजवळची नाडी कात्रीनं कापली आणि तिथं टिचबटण लावलं. मग मशीन घेतलं आणि लोकांचं शिवू लागल्या. हात फार सुंदर होता असं मी म्हणणार नाही. बाह्या कधी कधी एकमेकींशी भांडत. पण एक नियम पक्का: त्यांच्याकडच्या झबल्याला, फ्रॉकला, कुंचीला गळ्याशी नाडी मिळणार नाही. बाया कुरकुरायच्या, "वहिनी, पोरगं दिवसभर कुंची काढून फेकतं हो!"

"फेकू दे. ओढलं की सुटलं पाहिजे."

थंडीत मी मफलर घालून दुकानाचं शटर वर केलं की समोरून आवाज यायचा, "भावजी, टोकं आत!" आणि मी, पन्नाशीतला माणूस, शाळकरी पोरासारखा मफलरची टोकं स्वेटरात खोचायचो.

तर अशा बाईकडे गार्गीनं झगा मागितला.

गार्गी नाशकात शिकायला होती. तिथं तिला एक टोळकं मिळालं. ही मुलं कुठल्याशा नसलेल्या, जुन्यापान्या राज्यातली माणसं होतात. कोणी सरदार, कोणी चेटकीण. तसे पोशाख करून जमतात आणि फोटो काढतात. गार्गी त्यांतली जंगलराखी. पावसाळ्यात सुट्टीला आली तेव्हा तिनं आईला फोनवर चित्र दाखवलं: डोक्यावर मोठं टोपरं, घोट्यापर्यंत घोळदार झगा, बाह्या नाहीत, बटणं नाहीत, सगळा भार गळ्यावर. मी चहाला बसलो होतो.

पमावहिनी हसल्या. "अगं, ही तर कुंची! एवढी घोडी झालीस आणि कुंची मागतेस?"

मग त्यांचं बोट चित्रात वर सरकलं, गळ्यापाशी. तिथं एक जाड पितळी बकल होतं. बोट थांबलं. त्यांनी फोन पालथा करून टेबलावर ठेवला.

"नाही."

"आई, सगळ्यांच्या आया..."

"नाही म्हटलं ना."

"ठीक आहे. मग मी तयार मागवते. मिळतो. चांगला घट्ट बकलाचा."

बघा हं, पोरगी अनंताची. आईला नेमकं कुठं धरायचं ते तिला ठाऊक होतं. पमावहिनींना आता दोन भीतींतली एक निवडायची होती: आपल्या हातचा झगा, की कोण्या परक्यानं शिवलेला फास.

"शिवीन," त्या म्हणाल्या. "मीच शिवीन. पण माझ्या पद्धतीनं."

रफिकभाईंच्या कापडाच्या दुकानात ती पद्धत पहिल्यांदा उघड झाली. गार्गीचा हात सरळ मखमलीवर गेला. पमावहिनींनी त्या मखमलीचा एक धागा ओढला, कनवटीची काडेपेटी काढली आणि काडी ओढली! धागा पेटला, आकसला आणि त्याचा काळा मणी झाला.

"ओ भाभी!" रफिकभाई गादीवरून अर्धे उठले. "कपडा पोरीसाठी घेताय की होळीसाठी?"

"जे वितळतं ते अंगाला चिकटतं, रफिकभाई. जे जळून राख होतं ते दाखवा."

रफिकभाई एकेक ठाण काढत गेले, त्या एकेक धागा जाळत गेल्या आणि रफिकभाई पाण्याची बाटली हातात धरून उभे. ज्या बाईला गॅसच्या रेग्युलेटरची भीती वाटायची, ती भीतीपोटीच भर दुकानात आग लावत होती. शेवटी जाड सुती कापड ठरलं, शेवाळी रंगाचं. आणि अस्तराला? भडक केशरी.

गार्गीनं कपाळाला हात लावला. "अगं, जंगलात लपायचं असतं तिला!"

"जंगलात लप. रस्त्यावर ट्रकवाल्याला दिसलीस म्हणजे झालं."

घरात खाट बाहेर निघाली, कापड जमिनीवर पसरलं. दोरीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक गार्गीनं अंगठ्यानं दाबून धरलं आणि पमावहिनींनी रांगत रांगत अर्धवर्तुळ आखलं. लांबी घोट्याच्या वीतभर वर, नाहीतर जिन्यात पाय अडकेल. टोपऱ्याच्या कडा कानाच्या मागे, नाहीतर रस्ता ओलांडताना बाजूचं दिसणार नाही. गार्गी म्हणाली, "आई, हा झगा आहे की विमा?" पमावहिनींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या नुसत्या हुंकारल्या.

आता गळ्याची गोष्ट. गार्गीनं नाशकातून गुपचूप एक बकल आणलंच होतं: दोन ड्रॅगनांची तोंडं एकमेकांत अडकलेली. ते तिनं पुढे केलं. पमावहिनी म्हणाल्या, "लावून बघू. आधी भावजींच्या गळ्यात."

मला काय, सोंग म्हटलं की मी तयारच. टोपरं ओढलं, झगा उडवला आणि कपाटाच्या आरशासमोर राजासारखा उभा राहिलो. मागून गार्गीनं हलकेच ओढलं.

"असं ओढतात?" पमावहिनी म्हणाल्या. "सर बाजूला."

आणि त्यांनी स्वतः ओढलं. ड्रॅगन माझ्या कंठात रुतले. मी "व" म्हणालो, "वहिनी" म्हणायचं राहून गेलं. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. आणि आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या जागी दुसरंच कोणी होतं, आणि त्या ते कापड ओढत नव्हत्या, उलट कुठल्यातरी चालत्या पट्ट्यातून सोडवून घ्यायला बघत होत्या. "आई! काका!" गार्गी किंचाळली तेव्हा त्यांचा हात सुटला.

त्यानंतर कोणी बकलाचं नाव काढलं नाही. बकल बटणांच्या डब्यात गेलं, सगळ्यात तळाशी. गळ्याला टिचबटणं लागली. त्यांची परीक्षा मात्र माझ्या गळ्यावर झाली नाही. झगा खुंटीला अडकवून त्याला बादली टांगली आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. तीन बटणांनी झग्याचं वजन पेललं, आणि बादली निम्मी भरायच्या आत तिन्ही टकटक करत सुटली. पमावहिनींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

"पण मी नुसती पळाले तरी गळून पडेल," गार्गी म्हणाली. "एक तरी अजून लाव. चौथं. मोठं, कोटाचं असतं तसं. एवढंच ऐक माझं."

रोज रोज नाही म्हणून आईही दमते. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या लावते."

उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड शिवल्याबरोबर खालून दुमडायचं नसतं. आधी टांगून ठेवायचं, म्हणजे जे ओघळायचं ते ओघळून जातं. नाहीतर घेर खालीवर होतो. म्हणून झगा ओटीवरच्या आढ्याला टांगला, टोपरं वर करून. दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं रस्त्यानं चालत येतं आणि न विचारता घरात शिरतं. त्या धुक्यात समोरच्या ओटीवर एक उंच काहीतरी लोंबत होतं. पमावहिनी सुई-दोरा आणि ते चौथं बटण घेऊन बाहेर आल्या.

तेवढ्यात माझ्या दुकानाशी साखरशेतचा एक म्हातारा आला होता, आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. त्यानं मागे वळून पाहिलं आणि झटकन पायातल्या चपला काढल्या.

"बाय," तो रस्त्यातूनच म्हणाला, "ह्या कोनाच्या घरचा सोंग?"

आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांची, राक्षसांची सोंगं निघतात. एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान् पिढ्या असतं. मुखवट्याची पूजा केल्याशिवाय कोणी तो तोंडाला लावत नाही.

"सोंग नाही, बाबा. पोरीचा झगा आहे."

"त्याचा तोंड कुठं हाय?"

"तोंड नाही त्याला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. दटावून नाही, समजावून सांगावं तसं बोलला. "तोंड नाय असा सोंग टांगू नको, बाय. रिकामा जागा दिसला का कोन पन येऊन उभा ऱ्हातो त्याच्यात." त्यानं कमरेच्या फडक्यातले चार तांदूळ ओटीच्या पायरीवर ठेवले आणि झेरॉक्स न काढताच निघून गेला.

मी हसायला तोंड उघडलं. पण त्याच वेळी वारा आला, झगा आतून फुगला, खांदे भरले, टोपरं किंचित पुढे झुकलं. पट्ट्यावर वाकून ताण बघणाऱ्या माणसासारखं. उंचीही तीच. मी माझं हसू गिळलं. पमावहिनी सुई हातात धरून तशाच उभ्या. मग एकेक पाऊल मागे घेत त्या घरात गेल्या आणि दार लागलं. झगा रात्रभर तिथंच राहिला. सकाळी तो गार्गीनं काढला आणि स्वतःच घाईघाईनं त्याचा घेर दुमडला.

त्याच दिवशी तिचं टोळकं नाशकाहून मोटरसायकलींवर आलं. शिरपामाळावर धुक्यात फोटो काढायचे होते. पमावहिनींनी पोरीचे दोन्ही खांदे धरले. "गाडीवर बसताना झगा काढायचा. माझी शपथ घे."

"तुझी शपथ."

तरी आम्ही मागोमाग निघालोच, माझ्या व्हॅनमधून. रेग्युलेटर पिशवीत.

फोटो झकास निघाले. माळावर पांढरं धुकं आणि त्यात ती हिरवी आकृती. पण त्या फोटोंत एक गंमत आहे. गार्गी कडेकडे सरकली असेल तिथं तिथं फोटोच्या कोपऱ्यात एक हात आहे, बांगड्या घातलेला, "मागे ये" म्हणणारा.

मग पावसाची सर आली. काय ती पळापळ! मुलं कॅमेरे पोटाशी धरून गाड्यांकडे धावली, गार्गी हसत हसत एका मोटरसायकलवर मागे बसली, आणि गाडी सुटली. झग्यासकट.

"भावजी," पमावहिनी एवढंच म्हणाल्या.

मी व्हॅन काढली. पुढे उतार. काचेवर पाणी, पाण्यापलीकडे ती मोटरसायकल आणि तिच्या मागे फडफडणारं केशरी अस्तर. ते अस्तर नसतं तर मला काही दिसलंच नसतं. आता वाटतं, तसं बरं झालं असतं. कारण मला सगळं दिसत होतं. झगा वर उडत होता, खाली बसत होता, दर वेळी चाकाच्या थोडा अधिक जवळ. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पोरांना वाटलं, काका मजेत आहेत. त्यांनी हात हलवला. पमावहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या गळ्याला दोन्ही हात लावले होते.

केशरी टोक खाली गेलं आणि वर आलं नाही.

एक हिसका बसला. गार्गीची मान मागे गेली. आणि झगा तिच्या अंगावरून सालीसारखा निघाला, चाकात शिरला आणि गुंडाळला गेला. गाडी आडवीतिडवी होत चिखलात जाऊन थांबली. गार्गी सीटवर तशीच बसलेली. खांद्यावर काही नाही हे तिला आधी कळलंच नाही. मग तिचा हात गळ्याशी गेला.

मी दार उघडून धावलो. पमावहिनी उतरल्या, चालत आल्या. पोरीच्या गळ्याभोवती त्यांनी बोटं फिरवली, एकदा, पुन्हा, पुन्हा, हरवलेला मणी शोधावा तशी. गार्गी रडत होती. "सुटला गं आई, सुटला."

"तीनच होती," पमावहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "चौथं लावणार होते मी, भावजी. हातात होतं."

आणि त्या भर पावसात रस्त्यावर खाली बसल्या.

पुढे गावानं त्यांचं कौतुक केलं. केवढी दूरदृष्टी, वगैरे. कोणी असं बोललं की त्या उठून आत जायच्या. त्यांची भीती कमी झाली नाही. उलट तिला आता पुरावाच मिळाला होता. बाजाराच्या दिवशी तो म्हातारा राहिलेली झेरॉक्स काढायला आला, तेव्हा त्यांनी त्याला ओटीवर बसवून चहा दिला. बशी खाली ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "गेला सोंग?"

"गेला," पमावहिनी म्हणाल्या.

त्याच वर्षी त्या गार्गीकडे नाशकाला राहायला गेल्या. तिच्या टोळक्याचे पोशाख शिवू लागल्या. नाशकातले यच्चयावत सरदार आणि चेटकिणी टिचबटणावर हिंडतात असं मी ऐकतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या दिवशी, एस.टी. स्टँडवर. थंडी होती. चाकात फाटलेला झगा त्यांनी धुऊन, फाटका भाग कापून गुडघ्याएवढा केला होता आणि तो अंगावर घेतला होता, टोपरं डोक्यावर. पिशवीतून रेग्युलेटरचं तोंड दिसत होतं. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसून त्यांनी त्याला विचारलंसुद्धा, "धाकटीचे कान फुटले होते, थांबले का?"

मी खिडकीशी उभा. शेजारच्या बाकावर आईच्या मांडीवर एक लहानगी होती. तिनं वळून पाहिलं आणि टोपऱ्याच्या आत तिला तोंड दिसेना, तशी तिनं भोकाड पसरलं. सगळी गाडी वळून बघू लागली. माझ्या मनात आलं, वा! जन्मभर घाबरलेल्या बाईला शेवटी कोणीतरी घाबरलं.

पमावहिनींनी टोपरं मागे सारलं. पोरीचं रडं थबकलं. त्या तिच्याकडे वाकल्या, तिच्या झबल्याची गळ्याशी बांधलेली नाडी हलक्या हातानं सोडली आणि म्हणाल्या, "घाबरलीस? शाबास."

गाडी सुटली. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघून आपल्या गळ्याकडे बोट केलं. मी मफलरची टोकं आत खोचली.